आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, मग पोटात रोज सुई कशासाठी?

कृष्णाकाठ_०७
रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, आजवर इथे नुसता वाचत आलोय, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

आई ७१ वर्षांची, वाळवा तालुक्यात गावी असते, मी पुण्यात नोकरीला. १२ दिवसांपूर्वी पहाटे न्हाणीत पाय घसरला आणि उजवा खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, खुब्याच्या सांध्यातला बॉल बदललाय, त्याच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं चालवलं, सहाव्या दिवशी घरी सोडलं. इथपर्यंत सगळं नीट. आता डिस्चार्ज कार्डावर पोटात घ्यायचं एक इंजेक्शन लिहिलंय, एनॉक्सापॅरिन ४०, रोज एक, आणि तेही ३५ दिवस! एक सुई मला चारशेच्या घरात पडतेय. कशासाठी म्हणून विचारलं तर तिथले ज्युनिअर डॉक्टर "डीव्हीटी होऊ नये म्हणून" एवढं बोलून पुढच्या कॉटकडे गेले.

घरी आल्यावर गावातला कंपाउंडर तीन दिवस येऊन सुई देऊन गेला, चौथ्या दिवशी म्हणाला टाके सुकत आलेत, आता रक्त पातळ करत बसलात तर आतून रक्तस्राव होईल, राहू द्या. तेव्हापासून ३ दिवस सुई नाही. त्यात आत्या मुक्कामाला आलीय, तिचं म्हणणं सव्वा महिना तरी हलवायचं नाही, त्यामुळे आई दिवसभर कॉटवर. पाण्याचंही तसंच, सारखं लघवीला उठवायला नको म्हणून घोट घोट. त्या पांढऱ्या घट्ट स्टॉकिंग्ज दिल्यात त्या आईने गुडघ्यापर्यंत गुंडाळून ठेवल्यात, पाय आवळतो म्हणते. शेजारच्या काकू संध्याकाळी तेल लावून दोन्ही पाय चोळून देतात, तेवढंच तिला बरं वाटतं.

मी रजा काढून कालच आलोय. ही डीव्हीटी भानगड नक्की काय आहे, सुई खरंच लागते का, लागत असेल तर मला स्वतःला देता येईल का, आणि घरच्या घरी कळायचं कसं की काही गडबड आहे? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.


सिस्टर_वॉर्ड_पाच
रविवार, रात्री ११:२५

भाऊ, आधी दोन गोष्टी करा, बाकीचं नंतर वाचा. पाय चोळणं बंद, आजपासून. आणि उद्या सकाळी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन लावून ३ सुया चुकल्यात हे सरळ सांगून टाका, ओरडले तर ओरडू दे. घाबरून एकदम दोन-तीन टोचू मात्र नका.

मी २२ वर्षं ऑर्थोच्या वॉर्डात काढली, आता रिटायर आहे. डीव्हीटी म्हणजे पायाच्या आतल्या, खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी होणं. वर दिसतात त्या फुगलेल्या निळ्या शिरा नव्हेत, या स्नायूंच्या आत असतात, पोटरीत, गुडघ्यामागे, मांडीत. गुठळी पायात आहे तोवर पाय सुजतो, दुखतो. पण तिचा तुकडा सुटला की रक्ताबरोबर वर हृदयात आणि तिथून थेट फुप्फुसात जाऊन अडकतो, आणि मग माणूस बोलता बोलता जाऊ शकतो. म्हणून चोळायचं नाही. निम्म्या लोकांना तर पायाला काहीच जाणवत नाही.

सुई द्यायला तुम्ही शिकू शकता, मी कितीतरी सुना-मुलांना शिकवून घरी पाठवलंय. आईला उशीला टेकून अर्धवट झोपवा. बेंबीपासून दोन इंच लांब, एक दिवस डावीकडे, दुसऱ्या दिवशी उजवीकडे. कातडीची चिमूट अंगठा आणि बोटात धरायची, सुई सरळ उभी पूर्ण आत, औषध सावकाश ढकलायचं, सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसेल तो काढत बसू नका, तो मुद्दाम ठेवलेला असतो, काढायला गेलं की औषधाचे थेंब उडतात. नंतर तिथे चोळायचं नाही, नाहीतर काळंनिळं होतं. थोडं होतंच, त्याला भिऊ नका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका, घंटागाडीच्या पिशवीत टाकू नका, कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला लागते.

स्टॉकिंगबद्दल, गुडघ्याशी गुंडाळलेलं स्टॉकिंग म्हणजे पायाला बांधलेला रबर. न घातलेलं परवडलं. घालायचं तर मापाचं, ताणून, सुरकुती न ठेवता, आणि दिवसातून एकदा काढून टाच आणि बोटं बघायची. आईला शुगर असेल किंवा पायाची बोटं थंड पडत असतील तर आधी विचारा, अशांपैकी काहींना ते घालायचं नसतं.

आणि कळायचं कसं ते सांगते. शिंप्याची टेप आणा. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो, तिथून खाली १० सेंटीमीटर मोजा, पेनाने खूण करा, तिथे पोटरीचा घेर मोजा. दोन्ही पायांचा. दोन्ही म्हणजे दोन्ही, नुसता ऑपरेशनचा नाही. लिहून ठेवा. ३ सेंटीमीटरच्या वर फरक असेल तर डॉक्टरला कळवायचंच.

एकदम धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीतून रक्त आलं, चक्कर येऊन पडल्या, तर पायबिय मोजत बसायचं नाही, १०८ लावायचा.


खवचट_अण्णा
सोमवार, सकाळी ६:५०

सिस्टर, तुमचा मान राखून सांगतो. आमच्या आजोबांचा खुबा १९८४ ला मोडला. पायाला वीट बांधून दीड महिना खाटेवर पडून होते. कुठली सुई आणि कुठला मोजा. तेव्हा लोक जगत नव्हते काय? हल्ली कुणी दवाखान्यात गेलं की रक्त पातळ, रक्त पातळ, रक्त घट्ट करून ठेवलंय कुणी? सगळा कंपन्यांचा खेळ. चारशे गुणिले पस्तीस करा म्हणजे कळेल.


डॉ_टाकेवाला
सोमवार, सकाळी ८:१५

अण्णा, आजोबा वाचले याचा आनंदच आहे. पण त्याच काळात "खुबा मोडला आणि महिन्याभरात गेला", "संडासला उठवलं आणि तिथेच मान टाकली, हार्टअटॅक आला" अशा गोष्टी तुमच्या गावातही ऐकल्या असतील ना? पोस्टमॉर्टेम कुणी करत नव्हतं. त्यातले किती हार्टअटॅक आणि किती पायातून सुटलेल्या गुठळ्या हे आता कोण सांगणार. "आपल्या लोकांना हा आजार होतच नाही, तो गोऱ्यांचा" असं आम्हालाही जुने सर सांगायचे. मग डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करायला लागलो आणि गुठळ्या सापडायला लागल्या.

कंपन्यांवर संशय असायला हरकत नाही, तो मलाही असतो. पण हे कुठल्या कंपनीने काढलेलं खूळ नाही. जर्मनीतल्या रुडॉल्फ फिर्खोने १८५६ मध्येच फुप्फुसात सापडणाऱ्या गुठळ्या पायातून वर गेलेल्या असतात हे दाखवून दिलं होतं. गुठळी व्हायला तीन कारणं लागतात असं शिकवतात आणि त्याला आजही त्याचंच नाव आहे. रक्त साचून राहणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं, आणि रक्तच लवकर गोठेल अशी अवस्था. आता खुब्याचं ऑपरेशन घ्या. पडून राहिल्याने रक्त साचतं, हाड मोडताना आणि ऑपरेशनमध्ये पाय पिरगाळला जातो त्यात शिरा दुखावतात, आणि एवढी मोठी जखम झाली की शरीर आपोआप रक्त गोठवायच्या मोडमध्ये जातं, नाहीतर आपण जखमेतून वाहूनच गेलो असतो. तिन्ही कारणं एकाच माणसात, एकाच आठवड्यात. आणि ती अवस्था टाके सुकले की संपत नाही, पुढे काही आठवडे राहते, म्हणून ३५ दिवस.

अजून एक सांगतो कारण ते मला फार आवडतं. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र रात्र आसऱ्याच्या जागी आरामखुर्च्यांत बसून काढायचे. त्या खुर्चीचा पुढचा लाकडी दांडा मांडीखाली दाबला जायचा. कीथ सिम्प्सन नावाच्या पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरच्या लक्षात आलं की फुप्फुसात गुठळी अडकून मेलेल्यांची संख्या एकाएकी वाढलीय, आणि त्यातले बरेच जण असे रात्रभर बसलेले होते. उपाय काय सुचवला, तर आडवं पडायला बाकडी द्या. सुई नाही, गोळी नाही. तेव्हा अण्णा, रक्त कुणी घट्ट केलेलं नाही, ते साचलंय.

कृष्णाकाठ, सर्जनना फोन कराच. इंजेक्शन पुन्हा चालू करायचं की आधी डॉपलर करायचं ते तेच सांगतील, इथून कुणी डोस सांगू नये. आणि आईचं क्रिएटिनिन किती होतं ते रिपोर्टमधून बघून ठेवा, किडनी फार कमजोर असली तर हे औषध शरीरात साचतं आणि डोस बदलावा लागतो. कंपाउंडरची भीती अगदीच हवेतली नाही, रक्तस्राव होऊ शकतो, पण तो तोलून मापूनच ३५ लिहिलेलं असतं.


हापसा_फिजिओ
सोमवार, सकाळी ९:०५

कोल्हापुरातून. मी पेशंटला गावातला हापसा सांगते, सगळ्यांना लगेच पटतं. हृदय रक्त खाली ढकलतं, पण पायातून वर आणायला वेगळा पंप लागतो, तो म्हणजे पोटरी. पोटरी आवळली की शीर दाबली जाते आणि रक्त वर चढतं, आणि शिरेत आतून छोटे छोटे पडदे असतात, हापशातल्या वायसरसारखे, ते रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. आता दांडाच हलवला नाही तर पाणी वर येईल का? कॉटवर निपचित पडलेल्या माणसाच्या पायात तेच होतं, पडद्यांच्या मागच्या खोबणीत रक्त घोटाळत राहतं आणि गुठळी तिथूनच सुरू होते.

तेव्हा आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की बॉल बदललेल्यात हाड जुळायची वाट बघायचीच नसते, तो धातूचा आहे, त्याच्यावर उभं राहायला म्हणूनच बसवलाय. प्लेट-रॉड असेल तर कधी कधी वजन टाकू नका सांगतात, पण तुमच्या आईला तर दुसऱ्या दिवशी उभं केलं होतं ना. तास-दीड तासाने कॉटवरच पावलं वर ओढायची, बोटं नाकाकडे, मग पूर्ण खाली, ॲक्सिलरेटर दाबल्यासारखं, दहा-वीस वेळा, सावकाश पण जोर लावून. नुसती बोटं वळवळवून उपयोग नाही, पोटरी कडक झालेली हाताला लागली पाहिजे. जेवण खुर्चीवर, उंच खुर्चीवर, पाटावर नाही, मांडी घालून तर नाहीच. आणि पाणी द्या हो माऊलीला! लघवीला उठणं हाच तिचा व्यायाम आहे.

पण हे सगळं डॉक्टरने पाय बघितल्यावर. आज जर एखादा पाय सुजलेला असेल तर आधी ते निस्तरा.


सव्वा_महिना
सोमवार, सकाळी ११:३०

विषय खुब्याचा आहे पण माझंही लिहिते कारण बायकांना कुणी सांगत नाही. माझं सिझर झालं, माहेरी गेले, तिथे पद्धत ठरलेली, बाळंतिणीने उठायचं नाही, वारं लागू द्यायचं नाही, पाणी कमी आणि तेही कोमट, सकाळी मालीश मग शेक मग परत झोप. अठराव्या दिवशी डावी मांडी जड झाली. मालीशवाली बाई म्हणाली वात आहे, आणि दोन दिवस जोर लावून रगडली. तिसऱ्या दिवशी डावा पाय उजव्याच्या दीडपट आणि जांभळट. खालपासून मांडीपर्यंत गुठळी. आठ दिवस ॲडमिट, बाळ वरच्या दुधावर. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की गरोदरपणात रक्त मुळात गोठाळ होतं आणि बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे सगळ्यात जोखमीचे. सहा आठवडे म्हणजे किती? जवळजवळ आपला सव्वा महिना! नेमक्या त्याच दिवसांत आम्हाला झोपवून, तहानलेलं ठेवून, रगडतात. आईचा जीव तुटत होता माझ्यासाठी, तिला काय बोलणार.

अजून एक, पुढे गर्भनिरोधक गोळ्या लिहून देताना दुसऱ्या डॉक्टरांनी काहीच विचारलं नव्हतं, मीच सांगितलं की मला डीव्हीटी झालंय, तेव्हा त्यांनी लगेच खोडल्या. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या आम्हाला चालत नाहीत. प्रत्येक ठिकाणी आपणच सांगायचं.


कृष्णाकाठ_०७
सोमवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार, आणि सिस्टर, तुमचे पाय धरायला पाहिजेत.

सकाळी टेप घेऊन बसलो. उजवा पाय, म्हणजे ऑपरेशनचा, थोडा सुजलेला होताच, सगळे रोज तोच बघत होते, त्याच्याखालीच उशी. तो ३२ भरला. मग डावा मोजायला गेलो तर आई म्हणते "आरं त्यो चांगला पाय हाय, त्यो कशाला मोजतोस". ३५.५. मी तीनदा मोजला, आत्याला बोलावून तिच्यासमोर मोजला. हात लावला तर उजव्यापेक्षा गरम. आई म्हणाली दोन दिवस झाले पोटरीत पेटका आल्यासारखं होतंय, पण मोडला उजवा, तर डाव्याचं कुठं सांगत बसू.

सर्जनना फोन केला, ओरडले नाहीत, एकच वाक्य, ॲम्ब्युलन्सने आडवं घेऊन या. दुपारी डॉपलर झालं. सोनोग्राफीवाले डॉक्टर भले माणूस, स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. दोन काळे गोल दिसत होते शेजारी शेजारी. म्हणाले हे बघा, मी प्रोबने दाबतो, ही धमनी, ती उडतेय आणि दबत नाही, आणि ही शीर, ही चपटी होऊन गायब व्हायला पाहिजे. मांडीत दाबलं की होत होती गायब. गुडघ्यामागे आले, दाबलं, गोल तसाच्या तसा. परत दाबलं, तसाच. काही बोलायची गरजच राहिली नाही. गुडघ्यामागच्या शिरेत आणि खाली पोटरीत गुठळी, डाव्या पायात. श्वास, ऑक्सिजन सगळं ठीक आहे देवाच्या दयेने, एक रात्र ठेवून घेतलंय.

गुठळी विरघळवायचं औषध नाही दिलं, म्हणाले गोळी फक्त गुठळी वाढू देत नाही, विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं. गोळी अपिक्साबान, ५ च्या दोन सकाळी दोन संध्याकाळी असं ७ दिवस, मग एक-एक, एकूण ३ महिने. सुई बंद. त्या ३ दिवसांचं काय बोलू, बाराशे रुपये वाचले म्हणून मनात कुठेतरी बरं वाटलं होतं मला, ते आता सारखं टोचतंय. डॉक्टरना विचारलं की त्या सुया दिल्या असत्या तर झालंच नसतं का, ते म्हणाले कदाचित तरी झालं असतं, धोका कमी होतो, शून्य होत नाही. माझी समजूत काढायला म्हणाले की खरं आहे कोण जाणे.


डॉ_टाकेवाला
सोमवार, रात्री १०:३०

खरं आहे. सुया नीट घेऊनही होते काहींना, हे पक्कं डोक्यात ठेवा आणि स्वतःला खात बसू नका. आणि न मोडलेल्या पायातही होते, कारण रक्तातला बदल सगळ्या अंगात असतो आणि पडून दोन्ही पाय राहतात. डाव्या पायाकडे तसाही ओढा जास्त, कारण ओटीपोटात डावी शीर उजव्या बाजूच्या धमनीखालून जाते आणि थोडी दाबलेलीच असते. सव्वा_महिना ताईंचाही डावाच होता बघा, गरोदरपणात तर बहुतेकींचा डावाच.

आता गोळी चालू असताना: कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक असल्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत, दुखलं तर पॅरासिटामॉल. संडास काळी डांबरासारखी झाली, लघवीतून रक्त आलं, डोक्यावर पडल्या, तर लगेच दाखवायचं. एक गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची, दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच बंद नाही.

आणि चालवायचं. लोकांना वाटतं गुठळी सापडली म्हणजे पाय हलवला की सुटेल, पूर्वी आम्हीही आठवडाभर झोपवून ठेवायचो. औषध सुरू झालं आणि तब्येत स्थिर असली की उठवून चालवलेलं बरं, सूज आणि दुखणं लवकर उतरतं. चोळायचं मात्र नाही.


लकवा_घरात
मंगळवार, सकाळी ७:२०

इथेच विचारतो. वडील ६६, तीन आठवड्यांपूर्वी डावी बाजू गेली, तो पाय हलतच नाही. मी दोन जोड स्टॉकिंग्ज आणून ठेवल्या, मांडीपर्यंतच्या. रोज घालतोय. मग डीव्हीटीची काळजी नको ना?


डॉ_टाकेवाला
मंगळवार, दुपारी १:४०

काळजी नको असं नाही म्हणता येणार. लकव्याच्या पेशंटवर यावर मोठा अभ्यास झालाय, क्लॉट्स नावाचा. २००९ मध्ये निष्कर्ष आला की मांडीपर्यंतच्या स्टॉकिंग्जने गुठळ्या काही कमी झाल्या नाहीत, उलट कातडी सोलवटणं, फोड हे वाढलं. २०१३ ला त्याच मालिकेत पायाला गुंडाळायची हवेची पंपवाली मशीन वापरून बघितली, तिने गुठळ्या कमी झाल्या. ती बहुतेक वेळा हॉस्पिटलातच मिळते, आणि पेशंट बरेच दिवस पडून असेल तर लावण्याआधी डॉपलर करतात, आधीच गुठळी असेल तर ती लावत नाहीत. लकवा गुठळीचा होता की रक्तस्रावाचा यावर सुईचा निर्णय, तो न्यूरोवाले घेतील. स्टॉकिंग काढून आज टाचा बघा.


सिस्टर_वॉर्ड_पाच
मंगळवार, दुपारी २:१०

आणि त्यांचा पाय त्यांना हलवता येत नसला तरी तुम्हाला येतो. स्पंज करताना, चादर बदलताना, प्रत्येक वेळी घोटा वर-खाली दहा वेळा. गुडघ्याखाली कायमची उशी ठेवायची नाही, तिथेच शीर दबते. टाचेखाली नाही, पोटरीखाली लांब उशी, टाच अधांतरी.


खवचट_अण्णा
मंगळवार, संध्याकाळी ५:३०

कृष्णाकाठ, आई बऱ्या आहेत वाचून बरं वाटलं. मी माझे शब्द मागे घेतो, निम्मे. आता एक अडचणीचा प्रश्न. ती पोटातली सुई डुकराच्या आतड्यापासून बनते असं नातीने मोबाइलवर वाचून दाखवलं. हे खरं का? तुमच्या आई माळकरी आहेत का ते माहीत नाही, आमच्या घरात आहेत.


डॉ_टाकेवाला
मंगळवार, संध्याकाळी ७:००

खरं आहे. हेपारिन आणि त्यापासून बनवलेलं एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातूनच काढतात. खरं तर हे पेशंटला आधी सांगायला पाहिजे, आपल्याकडे कुणी सांगत नाही. ज्यांना चालणार नाही त्यांनी आधीच बोलावं, फॉन्डापॅरिनक्स नावाची सुई पूर्ण रसायनातून बनते, आणि बॉल किंवा सांधा ठरवून बदलायचा असेल तर बऱ्याच जणांना गोळ्याही चालतात. पण आधी विचारायचं आणि मग बदलायचं, मध्येच गुपचूप सोडायची नाही.

आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो, "पालेभाजी बंद करू का" हा प्रश्न वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम या रक्त पातळ करायच्या जुन्या गोळ्या घेणाऱ्यांचा, अपिक्साबानवाल्यांचा नाही. वॉरफरिन उंदीर मारायच्या औषधातून आलंय हे खरंय. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात सडलेला गोड क्लोव्हर, म्हणजे आपल्या घासासारखा चारा, खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती, त्या चाऱ्यातला पदार्थ विस्कॉन्सिनमध्ये शोधला, त्याच्यावरून १९४८ मध्ये उंदरांचं औषध केलं, आणि १९५४ मध्ये तेच माणसाला द्यायला परवानगी मिळाली. त्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, बघत राहावं लागतं, बहुतेक २ ते ३ मध्ये, आणि भाजी रोज साधारण सारखीच खायची, बंद करायची नाही.


कृष्णाकाठ_०७
१९ दिवसांनी, रविवार, सकाळी १०:१५

अपडेट द्यायचं राहून गेलं. अण्णा, आई माळकरीच आहे. तिला सांगितलं तर थोडा वेळ गप्प बसली, मग विचारलं गोळीत काय असतं, म्हटलं रसायन, म्हणाली मग झालं, आता गोळीच हाय न्हवं.

डावी पोटरी काल ३३ भरली, उजवी ३१.५. सकाळ-संध्याकाळ वॉकर घेऊन तुळशीपर्यंत जाते. पावलं वर-खाली करायचं आत्याने अंगावर घेतलंय, जपमाळ घेऊन मोजते, एक माळ झाल्याशिवाय चहा नाही, मीच म्हटलं अगं १०८ नकोत, वीस बास. टेप कॉटच्या दांड्याला बांधलीय. काकू अजून येतात, नुसत्या गप्पा मारायला.

आता एकच. माझी रजा संपली, आईला पुण्याला घेऊन जायचंय, गाडीने चार तास तरी जातील. डॉक्टर म्हणाले न्यायला हरकत नाही, जपून न्या. जपून म्हणजे कसं?


बे_एरिया_मावशी
रविवार, दुपारी १२:०५

जपून म्हणजे उतरून. मी मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला येताना झोपेची गोळी घेऊन खिडकीपाशी एकदाही न उठता आले, तीन दिवसांनी इमर्जन्सीत. तिथल्या डॉक्टरने सांगितलं की विमान असं काही नाही, बस-ट्रेन-गाडी काहीही, चार तासांच्या वर बसून राहिलं की धोका साधारण दुप्पट होतो. धडधाकट माणसाला तो तरीही थोडाच, साधारण सहा हजारांत एक, पण तुमच्या आईच्या पायात आधीच एक गुठळी बसलीय.


हापसा_फिजिओ
रविवार, दुपारी १:३०

मावशी बरोबर. पुढची सीट, पूर्ण मागे सरकवलेली, पाठ थोडी कललेली, बुडाखाली घट्ट उशी म्हणजे गुडघे खुब्यापेक्षा वर जाणार नाहीत, ते बॉलसाठी. आधी पाठमोरं बसायचं मग दोन्ही पाय एकदम आत, एकेक नाही. तासाभराने थांबायचं, कराडला थांबा, साताऱ्यात थांबा, खंबाटकीच्या आधी थांबा, खाली उतरून वॉकरवर पाच मिनिटं. गाडीत पावलांचा हापसा चालू, आत्या सोबत असतील तर प्रश्नच नाही. पाणी प्यायला द्या, स्वच्छ आणि उंच कमोडचा संडास कुठल्या ढाब्यावर आहे ते आधी फोन करून विचारून ठेवा, भारतीय संडासावर बसवायचं नाही. आणि त्या ढाब्यांवरच्या खुर्च्या फार खोल असतात, तिथे बसवू नका, उभ्यानेच चहा.

गोळ्या डिकीतल्या बॅगेत टाकू नका, तुमच्या खिशात ठेवा.